निळ्या काठाची ताटली

दुपारचा चहा झाला की मुकादम आपला कप आपणच विसळत. पुसून झाला की उजेडाकडे धरत, नखानं एक टिचकी मारत आणि कानाशी नेत. खणखणीत वाजला तर फळीवर पालथा. ही कारखान्यातली सवय. तो एक कप सोडला तर घरात फुटण्यासारखं भांडं नव्हतं, कारण नात अजून धावता धावता पडण्याच्या वयाची होती. नातीचं घरातलं नाव ठमी. आजोबांचं पाहून तीही आपला प्लास्टिकचा पेला कानाशी न्यायची, मान डोलवायची आणि म्हणायची, "पास."

मुकादमांची नोकरी संपून बराच काळ लोटला होता, पण घरीदारी सगळे त्यांना मुकादमच म्हणत. बायको गेल्यावर लेकीनं त्यांना आपल्याकडे आणलं. जावई परगावी नोकरीला. लेक सकाळी कामावर जायची ती संध्याकाळी यायची. मधला सगळा दिवस आजोबा आणि नात. तिची वेणी घालणं, तिला भरवणं, तिच्या बाहुलीच्या तापावर औषध शोधणं. ज्या माणसानं उभ्या जन्मात चुलीवर दूध ठेवलं नव्हतं, तो आता उतू जाण्याआधी वासानं ओळखायचा. लेक म्हणायची, बाबा, तुमचा दुसरा जन्मच झाला. मुकादम हसत. त्यांनाही तसंच वाटे. पहिल्या जन्माचं काही देणं लागत असेल, असं मात्र कधी मनात आलं नाही.

आता कारखान्याचं सांगायला हवं. विजेच्या खांबांवर तारांखाली चिनी मातीची पांढरी, जाड, भोवऱ्यासारखी भांडी असतात, ती तिथे बनत. कामगार त्यांना भोवरेच म्हणत. भट्टीतून निघालेला भोवरा दिसायला कितीही गोरापान असला तरी आत बारीक तडा असू शकतो, आणि तो डोळ्याला दिसत नाही. म्हणून भट्टीपलीकडच्या लांब खोलीत एक बाई बसायच्या. त्यांच्या हातात लाकडाची छोटी मोगरी. भोवऱ्यावर मोगरी टेकवायची, कान द्यायचा. टण्ण वाजला तर डावीकडे. बद्द वाजला तर त्याच्या पाठीवर खडूनं फुली, आणि उजवीकडच्या ढिगात. सगळे त्यांना वाजवणाऱ्या मावशी म्हणत. बोलायच्या कमी. दिवसभर ऐकून ऐकून बोलायचं विसरल्या असाव्यात, अशी थट्टा चाले.

एकदा माल कमी पडला आणि वरून घाई आली. मुकादमांनी उजव्या ढिगातले भोवरे पुसून घेतले आणि डाव्या पेट्यांत भरून पाठवले. फुली पुसायला ओलं फडकं पुरतं. पुढं कुठंतरी खांबावर एक भोवरा तडकला, तार सुटली आणि खाली काम करणारा वायरमन जागच्या जागी गेला. चौकशी आली.

मुकादमांनी त्या दिवशी एक गोष्ट रचली.

गोष्ट सांगणं हा त्यांचा हातखंडा. खोटं पचवायचं तर त्याला काठ लावावा, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, ते उपजत होतं. नुसती ताटली म्हटलं तर ऐकणारा म्हणतो, असेल. निळ्या काठाची ताटली म्हटलं की त्याला ती दिसायला लागते. आणि एकदा दिसली की ती होती की नव्हती हे कोण विचारतो? डोळा आणि कान यांत चार बोटांचं अंतर, तेच खऱ्याखोट्यातलं अंतर, असं जुनी माणसं सांगत. ती चार बोटं कशी मिटवायची हे मुकादमांना ठाऊक होतं.

त्यांनी साहेबांना सांगितलं की मावशींचे कान गेलेत. आपल्याला शंका होती म्हणून आपण पारख केली. कँटीनमधून एक ताटली आणली, निळ्या काठाची, काठावर एके ठिकाणी टवका उडालेला. मावशींच्या पाठीमागं उभं राहून ती फरशीवर सोडली. ठिकऱ्या पार दारापर्यंत गेल्या. "आणि बाई?" इथं मुकादम थांबत, ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघत. "बाई वळलीच नाही."

ही गोष्ट आधी साहेबांनी ऐकली, मग सगळ्या कारखान्यानं. कँटीनमधल्या ताटल्या झाडून साऱ्या स्टीलच्या होत्या. रोज त्यांत जेवणाऱ्या एकाच्याही हे ध्यानात आलं नाही.

मावशी म्हणाल्या, मला सगळं ऐकू येतं. मुकादम म्हणाले, बहिरा माणूस असंच म्हणतो. त्यावर सगळे हसले, आणि तिथंच निकाल लागला.

जायच्या दिवशी मावशी एप्रनची घडी करून त्यांच्या टेबलापाशी आल्या. रडल्या नाहीत, शिव्याशाप दिले नाहीत. इतकंच म्हणाल्या, "ती ताटली मला एकदा दाखवा. वाजवून बघीन म्हणते."

पुढं त्यांचं काय झालं ते कानोकानी येत राहिलं. भावाच्या घरी होत्या. घरचे त्यांच्याशी ओरडून, हातवारे करून बोलायचे. बाईला ऐकू येत नाही म्हणून तिच्या देखत बोलणी चालायची, ही अजून किती वर्षं काढणार, हिची खोली कुणाला द्यायची. मावशींनी हळूहळू बोलणं सोडलं. मग एक दिवस वारल्या. मुकादम तोवर ती गोष्ट घरीदारी सांगू लागले होते. लेक तर लहानपणी जेवताना हट्ट धरायची, बाबा, ताटलीची गोष्ट सांगा. सांगता सांगता एके वर्षी मुकादमांना ती ताटली हातात असल्यासारखी जड लागली होती. गार, आणि टवक्याच्या जागी बोटाला खरखरीत.

पहिल्यांदा घडलं ते भर सकाळी. लेकीला सुट्टी होती. मुकादम ओट्यापाशी स्टुलावर बसून वाटाणे सोलत होते. शेजारच्या मोरीतला नळ ठिबकत होता, तो त्यांना ऐकू येत होता. रस्त्यावर कुणी सायकलची घंटी वाजवली, तीही आली. तेवढ्यात लेक जिन्यावरून धावत वर आली.

"बाबा, काय फुटलं? खालपर्यंत आवाज आला. ठमे, हलू नकोस, अनवाणी आहेस."

मुकादम वळले. त्यांच्या पाठीमागं, हाताच्या अंतरावर, फरशीभर पांढऱ्या ठिकऱ्या पसरल्या होत्या. काही दारापर्यंत गेल्या होत्या. ठमी दारात उभी राहून त्यांच्याकडेच बघत होती.

"आजोबा वळलेच नाहीत," ती म्हणाली.

लेक हसायला लागली. म्हणाली, बघा, मावशींची गोष्ट तुमच्यावरच उलटली. मग केरसुणी घेऊन ती ठिकऱ्या गोळा करू लागली आणि मधेच थबकली. ही ताटली आपल्याकडे आली कुठून, असं तिनं विचारलं. मुकादमांनी सुपलीत पाहिलं. एका तुकड्याला निळा काठ होता. काठावर टवका. टवका जुना होता, कडा मळलेली.

त्यांनी तो तुकडा उचलून खिशात टाकला. शेजारणीनं काहीतरी दिलं असेल, असं सांगून वेळ मारून नेली.

दुसऱ्यांदा घडलं ते न्हाव्याच्या दुकानात, आणि तिथं समोर आरसा होता. गळ्याभोवती कापड, गालाला साबण, न्हाव्याचा वस्तरा कानाखाली. मागं बाकावर दोघं-तिघं आपापली पाळी येण्याची वाट बघत होते. मुकादमांना त्यांचं बोलणं अक्षर न् अक्षर कळत होतं. एकाएकी आरशात ती सगळी माणसं दचकून उभी राहिली. एकानं पाय वर घेतले. न्हाव्याचा हात हवेत थांबला.

"मुकादम," तो म्हणाला, "माझाच हात हलला, तुमची मान नाही हलली. बरं झालं म्हणा. हलली असती तर आज मी खुनी झालो असतो."

खाली ठिकऱ्या. बाकावरच्यांनी एकमेकांना विचारलं, कुणी टाकली, कुठून पडली. कुणाच्याच हातात काही नव्हतं. पण ताटली कुठून आली हा प्रश्न तिथंच विरला. उरला तो एवढाच किस्सा, की मुकादमांच्या मागं ताटली फुटली आणि मुकादम वळलेच नाहीत. न्हाव्याच्या दुकानात रुजलेली गोष्ट माणसाआधी गावात पोचते. मुकादम गुळगुळीत दाढी घेऊन घरी पोचेपर्यंत वाण्यानं त्यांना दुकानातून हात हलवून, ओठ ताणून विचारलं, "बरं आहे ना?"

त्यांनी सांगितलं, ओरडू नकोस, मला ऐकू येतं. वाणी गिऱ्हाइकाकडे वळून हळू म्हणाला, सगळे बहिरे असंच म्हणतात. तेही मुकादमांना ऐकू आलं.

महिनाभरात हे सगळीकडे झालं. बसथांब्यावर, दवाखान्यात, खालच्या अंगणात. प्रत्येक वेळी पाठीमागं, प्रत्येक वेळी तीच ताटली. ती फुटायची तेव्हा त्यांच्या कानाशी काहीच व्हायचं नाही. शांतताही नाही. त्यातूनच चिमण्यांचा कलकलाट चालू असायचा. फक्त समोरच्याचे डोळे मोठे व्हायचे, आणि मुकादमांना कळायचं.

मग एके दुपारी ठमीच्या टाचेत काच शिरल्यासारखी एक ठिकरी शिरली. तिचं रडणं त्यांनी ऐकलं, धावले, रक्त धुतलं, पट्टी बांधली. संध्याकाळी लेक त्यांच्यासमोर बसली. ती ओरडून बोलली नाही, तरी एकेक शब्द सुटा सुटा करून बोलली. उद्या ठमी जिन्यावरून पडली, तिनं हाक मारली, आणि तुम्हाला आली नाही तर? तुमच्या मनाला तरी काय वाटेल? कानाच्या डॉक्टरला दाखवू. कान चांगले निघाले तर प्रश्न मिटला. नाहीतर ठमीला तिच्या दुसऱ्या आजीकडे ठेवावं लागेल, परगावी.

ठमी मुकादमांच्या मांडीवर बसून त्यांच्या शर्टाचं बटण कानाशी नेत होती.

डॉक्टरकडे जायच्या आधी ते एका माणसाला भेटून आले. कारखान्यातला भट्टीवाला, त्यांचा जुना सोबती. रंगानं आणि धंद्यानं दोन्हीकडून काळा, म्हणून सगळे त्याला कोळसा म्हणत. आता तो घराबाहेर खाटेवर पडून असायचा. मुकादमांनी खिशातला तुकडा काढून त्याच्या तळहातावर ठेवला.

"ओळखतोस?"

कोळशानं तुकडा उलटा-सुलटा केला. चेहरा उजळला. "अरे, ही तर तुझी ताटली. मावशीच्या मागं टाकलेली. इतकी वर्षं जपून ठेवलीस?"

मुकादम त्याच्या जवळ सरकले. ते हळू बोलले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच खरं बोलले. "कोळशा, मी ताटली टाकली नव्हती. कुणीच टाकली नव्हती. मी ते रचलं होतं. कँटीनमध्ये चिनी ताटल्या होत्या का कधी? आठव."

कोळसा खोखो हसला. खोकला येईपर्यंत हसला. "मला सांगतोस? मी दारात उभा होतो. एक ठिकरी माझ्या पायाशी आली. ठिकऱ्या झाडल्या कुणी? मीच ना. मावशी मात्र बसल्या होत्या तशाच." मग तो खूप मोठ्यानं, त्यांच्या कानाशी तोंड आणून म्हणाला, "तुझं वय झालं रे, मुकादमा!"

तो खोटं बोलत नव्हता. त्याचे डोळे स्वच्छ होते. त्यानं खरंच पाहिलं होतं.

घरी येताना मुकादम भिंतींच्या कडेनं चालले.

कानाच्या डॉक्टरची खोली लहान, पांढरी, औषधाच्या वासाची होती. समोर काचेचं कपाट, त्यात चकचकीत अवजारं. डॉक्टर तरुण होता, समजूतदार होता. त्यानं आधी नळीतून कान पाहिले. मग कानांवर यंत्र चढवून बारीक-मोठे आवाज ऐकवले. मुकादम प्रत्येक आवाजाला बोट वर करत होते. एकही चुकला नाही. डॉक्टर लेकीला म्हणाला, तुमच्यापेक्षा चांगले कान आहेत यांचे. लेकीनं डोळे पुसले. मुकादमांना वाटलं, सुटलो. घरी जाऊन ठमीला सांगायचं, आजोबा पास.

"एकच साधी चाचणी राहिली," डॉक्टर म्हणाला. "माझ्याकडे पाठ करून बसा. मी मागं एक वस्तू टाकीन. ऐकू आली की वळा. घाई करू नका."

मुकादम पाठ करून बसले. समोर काचेचं कपाट. काचेत खोली दिसत होती. बाजूच्या खुर्चीवर लेक. आणि त्यांच्या मागं, जिथं डॉक्टर असायला हवा होता, तिथं एक बाई उभी होती.

राखाडी एप्रन. कमरेला खोचलेली लाकडाची मोगरी. हात खांद्याइतका वर उचललेला, आणि हातात ताटली.

मावशी त्यांच्याकडे बघत नव्हत्या. त्या त्यांच्या पाठीकडे बघत होत्या. भोवऱ्याकडे बघायच्या, तशा.

हात उघडला.

काचेत ताटली खाली आली. फुटली. ठिकऱ्या चहूकडे उडाल्या, एक त्यांच्या टाचेला लागून थांबली. ती लागलेली त्यांना कळली.

आवाज आला नाही.

मुकादमांचा जन्म प्रसंग निभावण्यात गेला होता. ऐकू आलं नाही, पण दिसलं तर होतं. वळायला काय लागतं? ठमीसाठी एकदा वळायचं.

ते वळले. "आलं ऐकू," ते म्हणाले. "ताटली फुटली."

डॉक्टर मागं उभा होता. त्याच्या हातात स्टीलची वाटी होती, तशीच धरलेली. फरशी स्वच्छ होती.

लेक खुर्चीतून अर्धी उठली होती.

"आजोबा," डॉक्टर हळूच म्हणाला, "मी अजून काहीच टाकलं नाही."

त्यानंतर तो लेकीशी बाजूला जाऊन बोलला. कुजबुजत बोलला, तरी मुकादमांना सगळं ऐकू आलं. यंत्राच्या चाचणीत माणूस अंदाजानं बोट वर करू शकतो. काही जण फार हुशारीनं लपवतात. घरातल्यांना त्रास नको म्हणून करतात बिचारे. पण लहान मूल यांच्या भरवशावर ठेवू नका.

संध्याकाळी ठमीची पिशवी भरली गेली. जावई घ्यायला आला होता. मुकादमांनी लेकीचा हात धरला, तिला खाटेवर बसवलं आणि जे कोळशाला सांगितलं होतं ते आणि न सांगितलेलंही सगळं सांगितलं. भोवरे, ओलं फडकं, वायरमन. ताटली नव्हती हे सांगितलं. मावशींचे कान तुझ्यामाझ्यासारखे होते, हे सांगितलं. यात कुठंही काठ नव्हता, टवका नव्हता. उभ्या आयुष्यात त्यांनी इतकी साधी गोष्ट सांगितली नव्हती.

लेकीनं त्यांच्या हातावर थोपटलं. मग बाहेर जाऊन नवऱ्याला म्हणाली, "आता जुन्या गोष्टीही उलट्या सांगायला लागलेत. ती ताटलीची गोष्ट मी लहानपणापासून ऐकतेय. मला ती ताटली डोळ्यांपुढं दिसते."

मुकादम आपल्या खुर्चीत बसले. हल्ली ते खुर्ची भिंतीला टेकवूनच बसत. भिंत तेलरंगाची, हिरवी, लेकीनं मुद्दाम लावून घेतलेली, ठमीच्या हाताचे डाग पुसता यावेत म्हणून. पाठ भिंतीला असली की मागं जागा उरत नाही.

ठमी निरोप घ्यायला आली. तिनं त्यांना हाक मारली नाही. समोर उभी राहिली आणि त्यांच्या डोळ्यांपुढं हात हलवला, सगळे हलवत तसा.

"ठमे," ते म्हणाले, "मला येतं गं ऐकू."

ठमीनं आईकडे पाहिलं. आईनं मान हलवली. मग ठमीनंही शहाण्या बाईसारखी मान हलवली आणि ती गेली. जिन्यावर तिची पावलं वाजली. टाच अजून दुखत असावी, एक पाऊल हलकं पडत होतं. खालचं फाटक वाजलं. मुकादमांनी सगळं ऐकलं.

मग भिंतीत टण्ण झालं.

लांब, पार त्या टोकाला. लाकडाची मोगरी टेकवावी तसं. थोडी जागा सोडून पुन्हा टण्ण. कुणी घाई करत नव्हतं. वाजवायचं, ऐकायचं, पुढं सरकायचं.

टण्ण.

खिडकीच्या अलीकडे आलं. कपाटामागून आलं.

मुकादमांना उठता आलं नाही.

त्यांच्या पाठीपाशी येऊन मोगरी थांबली. मग टेकली.

बद्द.

हा आवाज त्यांना नीट ऐकू आला. त्यानंतर खडू ओढल्याचा आला. एकदा तिरपा, मग त्याला छेदून उलटा तिरपा.

लेक वर आली तेव्हा डोळे पुसत होती. बाप खुर्चीत ताठ बसलेला पाहून तिला भडभडून आलं. तिनं त्यांना हाताला धरून उठवलं, वळवलं आणि पाठीवरून हात फिरवला. पुन्हा फिरवला. जरा जोरात झटकलं. मग त्यांच्या कानाशी वाकून, एकेक शब्द सुटा करत, मोठ्यानं म्हणाली,

"बाबा, शर्टाला भिंतीचा चुना लागलाय. निघत नाहीये."